आधी कोण, वर कोण

"आपला नवरा आजारी आहे," असं ती म्हणाली आणि धुलाईखान्यातल्या सगळ्या बाया हातातल्या चादरी तशाच धरून हसत सुटल्या.

"आपला?" वहिनी म्हणाली. "म्हणजे माझाही का गं? आणि मला आत्ता कळतंय!"

"वाटून घ्यायचा होता तर निदान धडधाकट तरी आणायचास," रोलरपाशी उभी असलेली ओरडली. "आजारी नवरा तर आमच्या घरीही आहे."

जिला हसत होत्या ती पाण्यापलीकडून आलेली बाई. तिला सगळे 'पलीकडची' म्हणायचे. चेहरा वेगळा, केस वेगळे, रंग वेगळा. दुरून पाहिलं तरी कळायचं की ही इथली नाही. नवऱ्याला ताप होता आणि तिला लवकर घरी जायचं होतं, एवढंच तिला सांगायचं होतं. पण आपल्या भाषेत एक गंमत आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', आणि समोरच्याला वगळून बोलायचं तर 'आम्ही'. हा फरक आपल्याला कोणी शिकवत नाही, तो न शिकता येतो. तिला मात्र जे कानावर पडलं तेवढंच आलं, आणि तिच्या कानावर दिवसभर पडायचा तो मुकादम मावशीचा आवाज. "चला, आपली ट्रॉली आली." "आपण आधी उशांचे अभ्रे काढू." "आपली चहाची वेळ झाली." त्यामुळे तिची समजूत झाली की शब्द एवढा एकच आहे. आपलं घर गळतं, आपल्या मुलीचा दात पडला, काल आपण खूप रडलो. ऐकणाऱ्याने बघत बसायचं की आपण कधी रडलो.

मावशीचा चेहरा हलला नाही. "दात काढू नका," ती बायांना म्हणाली आणि पलीकडचीकडे वळली. "जा तू. आपल्या नवऱ्याला गोळी दे, आणि सांग, आपण सगळ्यांनी विचारलंय म्हणून."

मग जे हसू फुटलं ते ठेकेदाराच्या खोलीपर्यंत ऐकू गेलं.

ह्या मावशीबद्दल मला लिहायचंय. तिच्याबद्दल टीव्हीवर बोललं गेलं, भाषणांमध्ये बोललं गेलं, एका शहाण्या माणसाने वर्तमानपत्रात लेखही पाडला, आणि ह्यातल्या एकानेही तिला कधी चादर झटकताना पाहिलेलं नाही. मी पाहिलंय. माझी आणि तिची खोली शेजारी-शेजारी, मध्ये प्लायवूडची भिंत. ती शिंकली तर मी इकडून 'हळू' म्हणते.

सरकारी इस्पितळाच्या मागच्या अंगाला तो धुलाईखाना. दोन बाजू. एका दाराने वॉर्डांतले मळके कपडे येतात: रक्त, पू, उलट्या, सगळं. ती 'मळकी बाजू'. तिथे हातमोजे घालून कपडे वेगळे करायचे आणि मशिनमध्ये भरायचे. हातमोजे फाटके असतात, ह्यावर मी तीन ठेकेदारांशी भांडलेय. दुसरीकडे 'धुतलेली बाजू'. तिथे ओल्या चादरी रोलरमध्ये सरकवायच्या, त्या पलीकडून गरम आणि कडक होऊन बाहेर येतात, आणि मग घडी. इस्पितळाची चादर एकटीने घडी करता येत नाही. दोघी लागतात. दोघींनी दोन-दोन टोकं धरायची, ताणायची, एक झटका द्यायचा, लांबीत दुमडायची आणि चालत एकमेकींकडे यायचं. एकीने आपली टोकं दुसरीच्या हातात द्यायची आणि वाकून खालची दुमड उचलायची. दिवसभर हेच. समोरचीच्या श्वासाचा वास कळतो. आज तिचं घरी भांडण झालंय की नाही, ते झटक्यावरून कळतं.

मावशी ह्या बायांची मुकादम. माघारी तिला 'इस्त्री' म्हणायच्या, एक तर पाठ कधी वाकायची नाही आणि दुसरं म्हणजे जवळ गेलं की चटका. तिला हे माहीत होतं, आवडायचंही.

ती डोंगरातली. तिकडची माणसं पोटासाठी ह्या शहरात उतरली तेव्हा इथले जुने रहिवासी त्यांना 'बकऱ्या' म्हणायचे, आणि ते लाडाने म्हणत नव्हते. खोली भाड्याने मागायला गेलं की विचारायचे, "आत झोपता की बाहेर बांधावं लागतं?" मावशी धुलाईखान्यात लागली, वर्षानुवर्षं मळक्या बाजूला राहिली, मुकादम झाली, आणि झाल्या दिवसापासून तिने एकच धोरण धरलं: आपल्यांना आधी. जागा निघाली की आधी डोंगरातली बाई. भावाची बायको, म्हणजे ही वहिनी. मग तिची बहीण. मग डोंगरातल्याच कोणाची तरी सून. चोरून नाही, उघड. ठेकेदाराने हटकलं तर म्हणायची, "आमच्यातल्या लावल्या की मला रागावता येतं. परक्या बाईला मी काय रागावणार?"

माझं आणि तिचं ह्यावरून कडाक्याचं वाजलेलं आहे. रोलरची जागा निघाली तेव्हा कामाच्या हिशेबाने ती पलीकडचीला मिळायला हवी होती. मावशीने वहिनीला दिली. मी तिच्या दारात उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशी ओरडले.

"हा अन्याय आहे, मावशी."

"आहे," ती भांडी घासता घासता म्हणाली.

"तिचे हात वहिनीपेक्षा चांगले आहेत."

"आहेतच. मी कुठे नाही म्हणते? पण वहिनी माझी आहे."

"मग ती बिचारी काय कायम मळक्या बाजूलाच मरणार?"

"मरायला काय झालं? पुढची जागा तिची. नवीन आली की जुनी पुढे सरकते. मी नाही का सरकले?"

आणि तसंच झालं. नवी बाई आली, पलीकडची मळक्या बाजूने धुतलेल्या बाजूला आली. पुढे वहिनीचा खांदा धरला, तिला मावशीसमोर चादर झटकता येईना. मावशीला स्वतःच्या उंचीची जोडीदारीण हवी होती. सगळ्यांत तंतोतंत उंची पलीकडचीची निघाली. तेव्हापासून त्या दोघींची जोडी. मावशी झटका देताना 'हं' म्हणायची, ती पलीकडून 'हं' म्हणायची, आणि मध्ये चादर बंदुकीसारखी वाजायची.

आता भाच्याकडे येते.

मावशीला मूल नाही. बहीण गेली, तिचा मुलगा मावशीने वाढवला. त्याला वकील केला, रोलरच्या वाफेत उभी राहून केला. सगळी वस्ती त्याला 'वकील' म्हणते. चांगला देखणा, बोलायला गोड. रोज सकाळी मावशीच्या खोलीत येऊन तिच्या हातची इस्त्री केलेला शर्ट घालून कोर्टात जायचा. त्याच्या घरी इस्त्री नाही असं नव्हतं. मावशीला बरं वाटावं म्हणून यायचा, हेही मी मान्य करते. माणूस वाईट असला म्हणून चोवीस तास वाईट नसतो, तोच तर सगळा घोळ आहे.

तो निवडणुकीला उभा राहिला आणि त्याने घोषणा कोणती घेतली? मावशीचीच. भिंतीभिंतीवर रंगली: 'आपल्यांना आधी'. मावशी पहिल्यांदा वाचून एवढी खूश झाली की तिने त्या दिवशी कोणालाच शिव्या दिल्या नाहीत. सभेत तो विचारायचा, "आधी कोण?" आणि लोक ओरडायचे, "आपण!"

मग ती टीव्हीवरची चर्चा झाली. धुलाईखान्याच्या जेवणाच्या खोलीत भिंतीवर टीव्ही आहे, त्याचा रंग हिरवा झालाय. सगळ्या बाया डबे उघडून बसलेल्या. एका बाजूला वकील, दुसऱ्या बाजूला एक प्राध्यापक, चष्मा पुसत बसलेला. प्राध्यापक म्हणाला, स्वतःच्या लोकांना झुकतं माप देणं आणि स्वतःच्या वंशाला श्रेष्ठ मानणं ह्यात तत्त्वतः काहीच फरक नाही, एकच रोग आहे. वकील हसला. त्याला हेच हवं होतं.

"माझ्या मावशीने मला वाढवलं," तो म्हणाला. "धुलाईखान्यात काम करते. आयुष्यभर तिने आपल्या माणसांना आधी घेतलं. सर, ती वंशवादी आहे का? हो की नाही, तेवढं सांगा."

प्राध्यापक अडकला. मग म्हणाला, "दुर्दैवाने, हो."

कोणीतरी फेकलेला भाकरीचा तुकडा टीव्हीवर बसला. "ह्या चष्मेवाल्याच्या आईला विचारा, तिने ह्याला आधी वाढलं की शेजाऱ्याच्या पोराला!" वहिनी किंचाळली. निवडणूक त्या क्षणी संपली होती.

मला मात्र संताप दोघांचा आला, आणि अजून तो गेलेला नाही. कारण ते दोघे मिळून एकच खोटं बोलले. एक म्हणाला, मावशीचं आणि माझं एकच, म्हणून मी चांगला. दुसरा म्हणाला, मावशीचं आणि ह्याचं एकच, म्हणून मावशी वाईट. दोघांच्या मते एकच! अरे, डोळे आहेत का खोबणी? मावशीने पलीकडचीला मागे ठेवलं तेव्हा तिच्याबद्दल काय म्हणाली? हात चांगले आहेत म्हणाली. तिची पाळी येईल म्हणाली, आणि पाळी आली. हा पक्षपात आहे, त्यावर मी भांडले, पुन्हा भांडेन, कारण त्यावर भांडता येतं. मावशीला 'हा अन्याय आहे' म्हटलं तर ती 'आहे' म्हणते. ज्याला वर बसायचंय त्याला असं म्हणून बघा. तो म्हणेल, कसला अन्याय, त्यांची जागाच ती आहे. कोणी आपल्या माणसाला पुढे करत असेल तर मी एवढंच बघते की मागे राहिलेल्याबद्दल त्याच्या तोंडून काय निघतं. प्राध्यापकाचं एवढं मात्र मी मान्य करते: झुकत्या मापाच्या आडोशाला ते वर बसणं वाढतं. वाढतंच. वकील तिथेच वाढला. पण आडोसा आणि त्यामागे दबा धरून बसलेला, ह्या दोघांना एकच नाव दिलंत तर दबा धरलेल्याचं फावतं. त्याचं फावलं.

पुढच्याच आठवड्यात ठेकेदार खाली आला. पलीकडून आलेल्या बायांनी इथून पुढे धुतलेल्या कपड्यांना हात लावायचा नाही, म्हणाला. सगळ्या मळक्या बाजूला. ज्यांना जमत नसेल त्यांनी घरी बसायचं. सोमवारपासून.

"का?" मावशीने विचारलं.

"वरून निरोप आहे."

"कोणाचा?"

ठेकेदाराने भिंतीवरच्या तिच्या भाच्याच्या पोस्टरकडे बघितलं आणि गेला. पलीकडची तिथेच होती. तिने विचारलं, "आपण काय चुकलो?" कोणी हसलं नाही. मळक्या बाजूचा पगार कमी, आणि नवऱ्याचा ताप काही उतरत नव्हता. घर तिच्या एकटीच्या पगारावर होतं. मावशी म्हणाली, "काही नाही. मी बघते. पोरगं माझं आहे, माझं ऐकेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी वकील शर्टासाठी आला. प्लायवूडच्या अलीकडे मी चहा घेत होते. कान लावायची गरज नव्हती.

"मावशी, रविवारी सभेत दोन शब्द बोलायचेस."

"मी? मला बोलता येत नाही रे. मी ओरडते."

"तेच हवंय. 'आपल्यांना आधी' एवढं म्हण. सगळं शहर तुला ओळखतं आता."

"म्हणते की. बाही सरळ धर. बरं, ते धुलाईखान्याचं तेवढं मिटव. ठेकेदार तुझ्या नावावर काय वाटेल ते करतोय."

"ते माझ्याच सांगण्यावरून आहे."

इस्त्री खाली ठेवल्याचा आवाज आला.

"रुग्णांच्या आरोग्याचा प्रश्न आहे, मावशी."

"कसला आरोग्याचा? साबणाने हात धुतात त्या. मी उभी राहून धुवायला लावते."

"काही गोष्टी साबणाने जात नाहीत."

"म्हणजे?"

"रक्तात असतात. त्यात शास्त्र आहे, तू नको डोकं शिणवू."

"बरं, नाही शिणवत. मग तिचा नंबर कधी?"

"कोणाचा?"

"माझ्या जोडीदारणीचा. मळक्या बाजूला टाकायची तर टाका बाबा, मीही टाकली होती. पण पुढे सरकणार कधी?"

"नाही सरकणार."

"कधीच?"

"ही रांग नाहीये, मावशी."

"आणि तिची पोर? ती तर इथे जन्मली. माझ्या हातात दिली होती तिला, ह्याच इस्पितळात."

"तीही त्यांचीच ना."

मग मावशी बोलली, आणि तिचा तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यात चटका नव्हता.

"अरे, पण मी 'आधी' म्हणते रे. आधी म्हटलं की नंतर असतं. तू काय म्हणतोयस हे?"

"तू जे करत आलीस तेच. मी फक्त नीट शब्दांत मांडतोय."

"आम्हाला बकऱ्या म्हणायचे, ते पण नीट शब्दांत मांडत होते."

"आपली आणि त्यांची बरोबरी करू नकोस!" तो पहिल्यांदाच ओरडला. "आपण चढून वर आलो. त्यांच्यात ते नाहीच. रविवारी गाडी पाठवतो. शर्ट दे."

"अर्धा झालाय."

"अर्धा तर अर्धा, दे. उशीर होतोय."

एक बाही कडक आणि एक चुरगळलेली असा तो कोर्टात गेला. वरून कोट होता, कोणाला दिसलं नसेल.

रविवारी मावशी गेली. गाडीने नाही, चालत. गुडघा दुखतो म्हणून पलीकडचीचा हात धरून. मी मागून गेले. मी तिला म्हणाले होते, "जाऊ नकोस, तुझा वापर करतील." ती म्हणाली, "माझंच पोरगं, माझाच शब्द, मी नको जाऊ?"

हॉलच्या दारात दोन पोरं उभी होती. त्यांनी पलीकडचीला आत सोडलं नाही. मावशी म्हणाली, "ती माझ्याबरोबर आहे." पोरं म्हणाली, "मावशी, तुम्ही या. तिला इथेच राहू द्या." पलीकडचीने मावशीची पिशवी घेतली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. "जा," तिने सांगितलं, "आपण इथे थांबतो."

आत वकील बोलत होता, आणि घोषणा बदलली होती. मला आधी वाटलं, चुकून झालं. चुकून नव्हतं.

"वर कोण?" त्याने विचारलं.

"आम्ही!" हॉल ओरडला.

"वर कोण?"

"आम्ही! आम्ही!"

काही आठवड्यांत 'आधी'चं 'वर' झालं आणि 'आपण'चं 'आम्ही' झालं, आणि त्या हॉलमधल्या एकाही माणसाची जीभ अडखळली नाही. घरचं असल्यासारखं म्हणत होते. त्यात वहिनीही होती. तिचा खांदा दुखत होता तरी हात वर.

मावशीला माईकसमोर उभं केलं. माईक शिट्टी वाजवायला लागला. मावशीने त्याला एक चापट मारली, लोक हसले. पुढच्या रांगेत एकजण समोरच्या खुर्चीवर पाय टाकून बसला होता, त्याला म्हणाली, "पाय खाली घे, तुझ्या बापाची खुर्ची आहे का?" टाळ्या पडल्या. वकील कौतुकाने बघत होता.

"मी आपल्यांना आधी म्हणते," ती म्हणाली. टाळ्या. "आजही म्हणते. ही बघा, वहिनी बसलीये. तिला मी लावली. तिच्या बहिणीला मी लावली. काम येत नव्हतं दोघींना." हशा. "आणि माझ्यासमोर जी घडी घालते ना, दारात उभी आहे, तीही आपली आहे."

टाळ्या अर्ध्यातच थांबल्या.

"ती 'आपण' म्हणते. तुम्ही मघापासून काय म्हणताय? आम्ही? मग मी त्यात आहे का नाही, ते मला सांगा!"

"नाही!" मागून कोणीतरी ओरडलं, आणि सगळा हॉल हसला.

आता खरं सांगायचं तर पुढचं भाषण पडलं. मावशी चिडली. चिडली की तिची वाक्यं एकमेकांत अडकतात. रांगेचं काहीतरी सांगायला लागली, पोरीच्या जन्माचं सांगायला लागली, मध्येच मागच्या ओरडणाऱ्याला अशी शिवी दिली जी मी इथे छापणार नाही. वकिलाने माईक तिच्या हातातून हळूच काढून घेतला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मावशीचं वय झालंय. वाफेत उभं राहून राहून डोकं तापतं. पण मन मोठं आहे हो तिचं!" तिच्या डोक्यावरून हसू वाहत गेलं. आणि लगेच, "वर कोण?"

"आम्ही!"

ती मधल्या वाटेने एकटी चालत दारापर्यंत आली. डोंगरातली माणसं, तिच्यामुळेच ह्या शहरात नोकरीला लागलेली माणसं, पाय आवरून घेत होती, जसं काही तिचा पदर लागेल. दारात पलीकडची तशीच उभी होती, पिशवी छातीशी धरून. तिने सगळं ऐकलं होतं. मावशी म्हणाली, "चल."

सोमवारी पलीकडचीला मळक्या बाजूला पाठवलं. मावशीने रोलरमधून आलेली गरम चादर उचलली, आपली दोन टोकं धरली आणि उभी राहिली. समोरची दोन टोकं जमिनीवर लोळत होती.

वहिनी पुढे आली. "द्या वन्सं, मी धरते."

"तुझा खांदा धरलाय. तू वर बस," मावशी म्हणाली.

वहिनी लाल झाली. तिने दुसरी चादर घेतली आणि छातीशी धरून एकटीच घडी घालायला लागली. ती घडी म्हणजे बोचकं झालं. रोलर काही कोणासाठी थांबत नाही. त्यातून चादरी येत राहिल्या, घसरून पडत राहिल्या, ढीग गुडघ्यापर्यंत आला. आणखी दोघींनी हात सोडले. मग आणखी एकीने. सगळ्यांनी नाही. हे मला खोटं सांगायचं नाही. अर्ध्याहून जास्त बाया खाली मान घालून बोचकी बांधत होत्या, आणि त्या सगळ्या मावशीने लावलेल्या होत्या.

ठेकेदार ओरडला. नोकरीवरून काढीन म्हणाला. मावशी चादर धरून उभीच. ह्या वेळी पाठ कशी सरळ राहते ते मी पाहिलं. हातमोज्यांवरून भांडल्यापासून मला आत यायला बंदी आहे, मी खिडकीच्या गजांना धरून बघत होते.

शेवटी ऑपरेशनच्या वॉर्डातली सिस्टर जिना उतरून आली. तिच्या हातात एक बोचकं होतं. "हे काय पाठवलंय? माझे पेशंट उघड्या गाद्यांवर पडलेत! कोणी घडी घातली, कोणाचं रक्त कसलं, मला काही ऐकायचं नाही. चादरी द्या!"

ठेकेदाराने तोंड पुसलं. पलीकडचीला हाक मारली. "आजच्या दिवस," म्हणाला.

तो 'आजचा दिवस' अजून चालू आहे. कोणाला पाझर फुटला म्हणून नव्हे, चादरी हव्यात म्हणून. ह्याला विजय म्हणायचा असेल त्यांनी म्हणावा.

मावशीची मुकादमी गेली, वहिनीला मिळाली. डोंगरातल्या लोकांनी मावशीच्या दारावरून जायचं बंद केलं. वहिनीची मुलगी लग्न होऊन सासरी गेली ते मावशीला माझ्याकडून कळलं. वकील निवडून आला. शर्टासाठी आता येत नाही. 'आपल्यांना आधी' म्हणणाऱ्यांनी सगळ्यांत आधी बाहेर कोणाला काढलं? आपल्या मावशीला! वर चढायचं म्हटलं की खाली कोणीतरी लागतं, आणि परके कमी पडले की घरचे चालतात. त्या प्राध्यापकाला मी हे पत्राने कळवणार होते. नाही कळवलं. तो ह्यावर लेख लिहील.

मागच्या आठवड्यात चहाच्या वेळी मी खिडकीशी गेले होते. दोघी घडी घालत होत्या. 'हं.' 'हं.' चादर वाजली.

"उद्या आम्ही लवकर जाणार," पलीकडची म्हणाली. "आमच्या मुलीला शाळेत घालायचं आहे."

कोणी हसलं नाही. हसण्यासारखं काही नव्हतंच. वाक्य बरोबर होतं. सगळीकडून बरोबर.

मावशीचे हात थांबले. "हे कुठे शिकलीस?"

"त्या दिवशी. दारात."

एवढ्या वर्षांत आमच्या कोणाच्या शिकवण्याने जे जमलं नाही ते त्या हॉलने तिला एका दुपारी शिकवलं. मला त्या क्षणी ते गज उपटून कोणाच्या तरी डोक्यात घालावेसे वाटले. कोणाच्या, ते मला चांगलं ठाऊक आहे.

मावशीने चादर ताणली. "आपल्या मुलीला किती वाजता जायचंय?"

"आमच्या मुलीला..."

"आपल्या!" मावशी खेकसली. "धड बोलता येत नाही तुला? इतकी वर्षं काय शिकवलं मी?"

पलीकडची तिच्याकडे बघत राहिली. मग चालत पुढे आली, आपली टोकं मावशीच्या हातात दिली आणि खालची दुमड उचलायला वाकली. तो शब्द काही ती बोलली नाही. अजून बोलत नाही. मावशी मात्र रोज ओरडून तिचं बरोबर वाक्य चुकीचं करून देते.